गोळीतली लस आणि काठावरचं शहाणपण
(शेततळेवाल्या भाच्याला मामाचे कानमंत्र)

भाचेराव, मत्स्योदरी देवीच्या अंबडात राहून मासे पाळायला निघालास, हे उत्तम केलंस. मोसंबीला पाणी मिळावं आणि वर मासळीचे चार पैसे सुटावेत, हा बेतही शहाण्याचा. पण तळ्यात बीज सोडून महिना होत नाही तोच तू विचारतोस, की माशांना खाद्यातून द्यायची ती नॅनो लस कुठे मिळते! विषय चांगला काढलास. त्यावर मुंबईत, मंगळुरूत मोठी माणसं कामाला लागली आहेत. त्यांनी काय साधलंय ते सांगतो, आणि ती लस दारात येईपर्यंत तू काय करायचं तेही सांगतो. एका दमात वाचू नकोस. रोज चार मंत्र वाच, आणि काठावर बसून वाच.

लस म्हणजे काय, हे आधी समजून घे

१. लस निरोगी माशालाच द्यायची — ती रोग बरा करत नाही, रोगाच्या जिवाणूची ओळख अंगाला आधी करून देते. दुखणं दारात आल्यावर ओळखपाळख करून काय उपयोग?

२. एकेका माशाला सुई टोचायच्या भानगडीत पडू नकोस — नॉर्वेच्या महागड्या सालमनला ते परवडतं. आपला रोहू जाळ्यात धरून, भूल देऊन टोचायला गेलास तर त्याचे खवले तुझ्या हाताला चिकटतील आणि मजुरीत नफा जाईल.

३. तरी नॉर्वेचा धडा मात्र घ्यायचा — १९८७ साली तिथे सालमनवर वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविकं खर्ची पडत होती. चांगल्या लसी आल्यावर उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं, आणि प्रतिजैविकांचा वापर वर्षाला टनाच्या आसपास उतरला.

४. खाद्यातून लस देणं ही कालपरवाची कल्पना समजू नकोस — डफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९४२ मध्येच ट्राउट माशांना मारलेले जिवाणू खाऊ घालून पाहिले होते. खायला घालणं सोपंच आहे, पोचवणं अवघड.

५. पोचत नाही, कारण माशाला लस आणि पेंड सारखीच — दोन्ही तो पचवून टाकतो. लसीची दखल घेणाऱ्या पेशी आतड्याच्या मागच्या भागात जास्त असतात, आणि तिथवर जाईपर्यंत पाचकरस लसीचा फडशा पाडतात.

६. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांना आपल्यासारखं जठर नसतं, हे लक्षात ठेव — आम्लाची भट्टी त्यांच्या वाटेत नाही. मात्र पाचकरसांचा मारा आणि लांबलचक आतडं आहेच.

७. तिलापिया किंवा पंगस पाळलास तर गणित बदलतं — त्यांना जठर असतं, आणि तिलापियाच्या जठरातलं आम्ल तर चांगलंच जहाल. एका माशाला चाललेली लस दुसऱ्याला चालेलच, असं कुणी म्हटलं तर मान हलव, पैसे देऊ नकोस.

८. नॅनोकणांचं काम करंजीच्या पारीचं — सारण म्हणजे लस. पारी तेलात फुटली तर सारण कढईत गेलं, आणि तोंडात फुटली नाही तर खाणाऱ्याला चव नाही. म्हणून कण वाटेत टिकायला हवा आणि आतड्यात मागे जाऊन उलगडायला हवा.

९. हे कण किती बारीक, ते एकदा डोक्यात बसव — एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. लसीचे कण बहुधा शंभर ते काही शे नॅनोमीटरचे, म्हणजे जिवाणूहूनही लहान. एवढा कण आतड्याच्या पेशी सहज आत ओढून घेतात.

१०. या कामात सर्वांत जास्त वापरलेला पदार्थ कायटोसान, त्याचं नाव ध्यानात ठेव — तो कोळंबी-खेकड्याच्या टरफलापासून बनतो, धनभारित असल्याने आतड्याच्या चिकट अस्तराला धरून राहतो आणि पुढे शरीरात विघटित होतो. कोळंबी सोलून टरफलं फेकणारे आपण, आणि तिथे त्यातून लसीचं आवरण!

११. कायटोसान आम्लात सैल पडतो, म्हणून त्यावर कधी अल्जिनेटचा लेप देतात — हा पदार्थ तपकिरी समुद्रशेवाळातून निघतो, आम्लात आक्रसून राहतो आणि आतड्यातल्या अल्कधर्मी भागात फुगून मोकळा होतो. तिसरा पदार्थ पीएलजीए. शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांत जो वापरतात, तोच.

आपल्याकडे काम कुठवर आलंय

१२. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची, ती आपलीच समज — तिथल्या शास्त्रज्ञांनी एडवर्डसिएल्ला जिवाणूचा एक जनुक आणि रोहूच्याच प्रतिकारशक्तीतला एक जनुक अशी जोडलस कायटोसानच्या नॅनोकणांत बांधली. तोंडावाटे, पाण्यात बुडवून, सुईने अशा वेगवेगळ्या वाटा ताडून पाहून २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले.

१३. दुसरं काम मंगळुरू आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांचं, २०१६ सालचं — मासा लेबियो फिम्ब्रिएटस, म्हणजे आपल्या गोदावरीतही सापडणारा रोहूचा भाऊबंद. मुद्दाम रोग लावल्यावर, नॅनोकणांतली लस खाल्लेल्या शंभरातले सुमारे ७३ मासे जगले. नुसते मारलेले जिवाणू खाल्लेल्यांतले सुमारे ४८.

१४. हे आकडे वाचून लगेच उडी मारू नकोस — ते टाकीतले आहेत. तिथे पाणी मोजलेलं, मासे मोजलेले आणि खाद्यही मोजलेलं. तुझ्या तळ्यात बगळा येतो, विजेचा लपंडाव चालतो आणि मोसंबीला पाणी जातं.

१५. म्हणून खरं उत्तर ऐकून घे: रोहू-कटल्यासाठी नॅनोकणांची खायची लस दुकानात मिळत नाही — ती अजून प्रयोगशाळेतून तळ्याकडे निघालेली आहे. कुणी पिशवी पुढे केली, तर ती लस नाही एवढं नक्की.

१६. सुईवाल्या आणि साध्या लसींकडेही लक्ष असू दे — हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने कॉलम्नॅरिस आणि एडवर्डसिएल्लोसिस या दोन रोगांवरच्या, मारलेल्या जिवाणूंच्या लसींसाठी वर्सोव्याच्या संस्थेशी करार केलेला आहे. पहिली गाडी कदाचित तीच येईल.

दुकानात जाताना

१७. पिशवीवर "नॅनो" लिहिलंय म्हणून खिसा सैल सोडू नकोस — नावात नॅनो, बिलात ढब्बू! कण कशाचा आणि आत काय आहे, हे दोन प्रश्न विचारले की निम्मे विक्रेते चहा मागवतात.

१८. पिकाच्या नॅनो युरियाचा आणि माशाच्या लसीचा काही संबंध नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव — एका कपाटात दोन्ही बाटल्या असल्या की गडी बिचारा गोंधळणारच.

१९. चांदीच्या किंवा जस्ताच्या नॅनोकणांचं द्रावण तळ्यात ओतायचं नाही — धातूचे कण कायटोसानसारखे विघटित होत नाहीत. माशाच्या कल्ल्यांना इजा करतात आणि अंगात साठतात.

२०. "सर्व रोगांवर एकच लस" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चाल — लस एका रोगाची, फार तर दोन-तीन रोगांची. जखमांच्या साथीमागे बुरशीसारखा जीव असतो, आणि अंगावर चिकटणारी ऊ तर डोळ्यांना दिसणारा परजीवी. जिवाणूची लस त्यांचं काही बिघडवत नाही.

२१. परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि मुदत, या तीन गोष्टी वाचल्याशिवाय लस म्हणून काही घ्यायचं नाही — जनावरांच्या लसींना आपल्याकडे औषध कायद्याखाली परवाना लागतो, आणि मासा त्या कायद्यातून सुटलेला नाही.

२२. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान जातीची औषधं कुणी कितीही गोड बोलून दिली तरी आणायची नाहीत — खाण्याच्या माशांत ती बंद आहेत. मासळीत अंश सापडला तर माल गेला आणि नावही गेलं.

बीज सोडण्याआधी आणि सोडताना

२३. पैठणहून आण नाहीतर लांबून, बोटुकली घेताना एक मूठ परातीत सोडून बघ — निरोगी पिल्लू परातीला टिचकी मारताच पळतं, आजारी एका अंगावर कलतं. स्वस्त बीज वर्षभराची खीज.

२४. जिऱ्यापेक्षा बोटुकली महाग पडली तरी तीच घे — फार लहान पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. उद्या लस आली तरी तेवढ्याला दिलेली अंगी लागत नाही. उलट अंग तिला आपलीच समजून गप्प बसण्याचा धोका.

२५. बीजाची पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेव, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेऊन सोड — तापमानाचा धक्का बसलेलं पिल्लू दोन दिवसांनी मरतं, आणि दोष बीजवाल्याला लागतो.

२६. सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून काढायचं ते जाणत्याला शेजारी उभं करून — प्रमाण आणि वेळ चुकली तर परजीवीआधी पिल्लूच जातं.

२७. नवं बीज आणि जुने मासे एका दिवसात एकत्र करू नकोस. आठ-दहा दिवस हाप्यात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, वेगळं ठेव — पाहुण्याचं गाठोडं आधी ओसरीवर उघडावं.

पाणी, जाळं आणि बादली

२८. तळं बघायचं ते पहाटे — रात्रभर वनस्पती-प्लवंगही प्राणवायू घेतात, म्हणून उजाडताना तो सर्वांत कमी असतो. मासे कोपऱ्यात जमून पाण्यावर तोंडं उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद आणि पंप सुरू.

२९. विरघळलेला प्राणवायू लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर आणि सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असू दे — या बाहेर मासा ताणात राहतो, आणि ताणातल्या माशाला लस दिली तरी अंग तिची नीट दखल घेत नाही.

३०. प्लॅस्टिकच्या तळ्याला मातीचा तळ नसतो, हे विसरायचं नाही — उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथेच कुजते. तळाचं थोडं पाणी अधूनमधून मोसंबीला सोड, झाडही खूश आणि तळंही.

३१. एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी देताना तळ्याची खालची पातळी आधी ठरवून काठावर रंगाची खूण करून ठेव — उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासे दाटतात, पाणी तापतं, आणि जिवाणूंचा हंगाम सुरू होतो.

३२. कपाशीच्या फवारणीचा पंप तळ्यात धुवायचा नाही, काठावरही नाही — झाकणभर कीटकनाशकात अख्खं तळं पांढरं पडतं. त्यावर लस, औषध, नवस काही चालत नाही.

३३. शेजाऱ्याने वापरलेलं जाळं कडक उन्हात पुरतं वाळल्याशिवाय तुझ्या पाण्यात उतरवू नकोस — वाळलं जाळं, टळला काळ.

३४. प्रत्येक तळ्याची बादली, टोपली आणि हातजाळं वेगळं ठेव, त्यावर रंगाने खूण कर — एक बादली दोन तळी, तीच रोगाची साखळी.

३५. माशांवरची ऊ दिसली तर तळ्यात बांबू उभे कर, आणि दर काही दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळव — ती कडक पृष्ठभागावर अंडी घालते. अंडी वाळली की पुढची पिढी खुंटली.

३६. तळ्याला कुंपण घाल, आणि गाठी मारलेला दोर चारी बाजूंनी आत सोडून ठेव — ओल्या प्लॅस्टिकवर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मासे पुन्हा आणता येतात, पोरं नाही.

खाद्य: इथेच लसीचं खरं गणित

३७. खाद्य वजनाच्या हिशोबाने दे, अंदाजाने नाही — पाचशे मासे सरासरी दोनशे ग्रॅमचे, म्हणजे शंभर किलो मासळी. दोन-तीन टक्क्यांनी दिवसाला दोन ते तीन किलो खाद्य. उद्या लसीचा डोसही याच हिशोबाने निघणार आहे.

३८. रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात खाद्य टाक — मासे वेळ शिकतात आणि एकदम जमतात. सगळे एकदम जेवले तरच सगळ्यांना लस मिळेल.

३९. थाळी दोरीला बांधून खाली सोड आणि दोन तासांनी वर ओढून बघ — थाळी चाटूनपुसून असेल तर तब्येत ठीक. शिल्लक दिसली तर आधी पाणी तपास, मग मासा. भूक मेली की रोग दोन दिवसांच्या अंतरावर असतो.

४०. तुझ्या मिश्र तळ्यात कटला वरच्या थरात प्लवंग गाळून खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी — नुसतं तरंगतं खाद्य दिलंस तर लस वरच्या पंगतीतच संपेल. खायच्या लसीची ही मोठी अडचण आहे, आणि टाकीत एकाच जातीचा मासा असल्याने ती तिथे दिसत नाही.

४१. दीड-दोन महिन्यांनी जाळं ओढून मोठे-लहान वेगळे कर — धटिंगण दुप्पट खातो आणि किरकोळ उपाशी राहतो. लस खाद्यातून गेली की डोसही तसाच वाटला जातो.

४२. पेंड आणि गोळीखाद्य कोरड्या जागी, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेव — पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते. तिच्या विषाने माशाचं यकृत खराब होतं आणि प्रतिकारशक्ती ढासळते.

लस दारात येईल तेव्हा

४३. लस आल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत ठेव, बर्फात गोठवायची नाही — गोठली तर कण एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि त्याचं नॅनोपण तिथेच संपतं. अंबडच्या मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस म्हणजे पाणी.

४४. लस तयार गोळीवर वरून लावायची, खाद्य शिजवताना आत घालायची नाही — गोळी बनवण्याच्या उष्णतेत तिचं प्रथिन बिघडतं. लावल्यावर सावलीत सुकव, उन्हात नाही.

४५. तिच्यावर लेबलात सांगितलेला तेलाचा किंवा चिकटणाऱ्या पदार्थाचा हात फिरवायला कंटाळू नकोस — पाण्यात पडल्या क्षणापासून लस सुटायला लागते. पोटात गेली ती लस, पाण्यात गेली ती नासाडी.

४६. आदल्या दिवशी खाद्य कमी कर किंवा बंद ठेव — भुकेला मासा दोन मिनिटांत गोळी उचलतो, पोटभरला तिच्याभोवती फिरत बसतो.

४७. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात लस देऊ नकोस — माशाचं रक्त पाण्याबरोबर थंड होतं, भूक आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. पाणी ऊबदार असताना, रोगाच्या हंगामाआधी तीन-चार आठवडे हाताशी ठेवून दे.

४८. रोज थोडी थोडी लस चारत बसायचं नाही. सांगितलेले दिवस द्यायची, थांबायचं, मग सांगितलेल्या वेळी पुन्हा द्यायची — सतत खाल्लेल्या गोष्टीला आतडं शत्रू मानेनासं होतं. अतिपरिचयाने इथे उलटंच होतं.

४९. वर्धक मात्रा चुकवू नकोस — खायच्या लसीचं संरक्षण सुईच्या मानाने लवकर ओसरतं. पहिली मात्रा उत्साहाने आणि दुसरी विसरून, अशाने लसच बदनाम होते.

५०. दोनशेएक मासे लस न देता हाप्यात वेगळे ठेव — सगळ्यांना दिली आणि रोगच आला नाही, तर श्रेय लसीचं की पाण्याचं, हे तुलाही कळणार नाही.

रोग दिसलाच तर

५१. अंगावर लाल डाग, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले, पांढरट कल्ले — यातलं काही दिसलं की फोटो आधी आणि औषध नंतर. औषध टाकल्यावर नमुन्यात जिवाणू सापडत नाही, आणि निदान अंदाजावर येतं.

५२. नमुना म्हणून नुकताच मरायला टेकलेला मासा दे, कुजलेला नाही — मेल्यावर चार तासांत पाण्यातले सगळेच जिवाणू अंगात शिरतात आणि खरा चोर गर्दीत लपतो.

५३. जालन्याचं मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय, या तिघांचे क्रमांक आजच भिंतीवर लिही. केंद्र सरकारचं "रिपोर्ट फिश डिसीज" ॲपही फोनवर घेऊन ठेव — रात्री मासे तरंगायला लागले की क्रमांक शोधायला हात चालत नाहीत.

५४. मेलेले मासे काठावर फेकू नकोस. चुना टाकून खोल पुर — बगळा आणि कुत्रा तुझा रोग शेजारच्या तळ्यात पोचवतात, आणि मग शेजारी तुझ्या घरी येतो.

५५. हाताला चीर असेल तर आजारी मासे उघड्या हाताने धरू नकोस — एरोमोनास, एडवर्डसिएल्ला हे जिवाणू माणसाच्या जखमेतही बस्तान बसवतात. हातमोजे स्वस्त, दवाखाना महाग.

आणि शेवटचं

५६. एक वही घाल: तारीख, पहाटेचं पाणी कसं होतं, खाद्य किती टाकलं, थाळीत किती उरलं, किती मेले. लिहायचं काम भाचेसुनेकडे दे — तू "उद्या लिहितो" म्हणणारा आहेस, हे अख्ख्या अंबडला ठाऊक आहे.

५७. संस्थेची माणसं लसीची चाचणी तळ्यात घ्यायला निघतील, तेव्हा ती श्रीमंताचं तळं शोधणार नाहीत, नोंदी असलेलं तळं शोधतील — आधी काय होतं हे कागदावर नसेल, तर लसीने काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या तुकडीत तुझं तळं असावं असं वाटत असेल, तर वही आजच्या पहाटेपासून सुरू कर.